खांबेटे सरांचा डावा पाय

खांबेटे सर पहिल्याच भेटीत माझ्या पायाशी वाकले. मी लोणावळ्याच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात व्हरांड्यात ट्रंक घेऊन उभी होते, प्रवासानं आंबलेली, आणि कुठं जायचं ते कोणी सांगत नव्हतं. तेवढ्यात एक उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांचे गृहस्थ माझ्यासमोरून तरातरा पुढे गेले, मध्येच परत फिरले, आणि काही न बोलता वाकून माझ्या उजव्या पावलावर दोन बोटं टेकवून थांबले. मी सुदुंबऱ्याची, शेतकऱ्याच्या घरातली. बापाच्या वयाच्या माणसानं पोरीच्या पायाला हात लावला तर पाप पोरीला लागतं, असं ऐकत वाढलेली. मी चटका बसल्यासारखी मागे सरले.

"हलू नकोस," ते म्हणाले. "उजवी चांगली आहे. डावी दाखव."

डावीही चांगली निघाली. मग उभे राहून त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "गाडे ना तू? पुण्याहून आलेली? चल, पेशंट खोळंबलाय." आणि निघालेच. ट्रंक तिथंच राहिली. ती संध्याकाळी मला मिळाली, तीही वॉर्डातल्या मावशींनी उचलून ठेवली होती म्हणून.

पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या रेषेत जरा वर बोट टेकवलं की एक बारीक धमनी उडताना लागते. पायाला रक्त पोचतंय की नाही ते तिथं कळतं. सर प्रत्येकाशी ओळख करून घ्यायचे ती तिथून. नावं विसरायचे, पाय विसरायचे नाहीत. मावळातल्या म्हाताऱ्यांची मात्र पंचाईत व्हायची. "आवो डॉक्टर, असं काय करता? पाप लागंल आमाला," म्हणत तेही सरांच्या पायाशी वाकायचे, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटायची. "पाप माझ्याकडे राहू दे, तू पाय इकडे दे," हे सरांचं ठरलेलं उत्तर. गावोगावी त्यांचं नाव पडलं होतं शिरवाले डॉक्टर.

तेव्हा एक्स्प्रेसवे नव्हता. घाटातून जुना रस्ता आणि रेल्वे, एवढंच. पायाची मोठी धमनी तुटली की बहुतेक ठिकाणी पाय कापून टाकत, आणि माणूस वाचला यातच सगळे समाधान मानत. सरांना ते मान्य नव्हतं. ते इंग्लंडला जाऊन रक्तवाहिन्या जोडायला शिकून आले होते. मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात लागले, वरिष्ठांशी भांडले आणि लोणावळ्याला येऊन बसले. बसले म्हणायची पद्धत म्हणून म्हणते, बसणं त्यांच्या पत्रिकेत नव्हतं. "लोणावळ्यात काय ठेवलंय?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "घाट ठेवलाय." घाटात ट्रक उलटायचे, रेल्वेत माणसं सापडायची, डोंगरावर विळे लागायचे, बैल शिंगं खुपसायचे. आणि धमन्या बंद करणारी विडी होतीच. चाळिशीचा धडधाकट गडी पायाची काळी पडलेली बोटं घेऊन यायचा आणि विचारायचा, "मलम हाय का कायी?"

सरांना माणसं तयार करायची होती. एकट्यानं किती पाय वाचवणार? पुण्याच्या एका हॉस्पिटलाशी बोलून त्यांनी ठरवलं होतं, की एम.एस. झालेला एक सर्जन वर्षभर त्यांच्याकडे शिकायला येईल. या विषयाची तेव्हा आमच्याकडे पदवी नव्हती, परीक्षा नव्हती, वर्ष संपल्यावर हातात कागदही मिळणार नव्हता. माझ्या आधी दोघं आले आणि दोघंही अर्ध्यातून पळाले. एकाला सरांचा त्रास झाला, दुसऱ्याला लोणावळ्याच्या पावसाचा. पुण्याहून निरोप आला, की तिसराही अर्धवट परत आला तर यापुढे माणूस मिळणार नाही. तो तिसरा म्हणजे मी. पुण्यातले माझे सोबती म्हणाले, "सुमन चिक्की खायला चालली." बाईमाणसाला सर्जरीत तसंही कोणी धड उभं करत नव्हतं, तेव्हा म्हटलं, चिक्की तर चिक्की.

सरांच्या पायाला भिंगरी होती. नाश्ता उभ्यानं, पेपर उभ्यानं, चहा बशीत ओतून व्हरांड्यात फेऱ्या मारत. खुर्ची दिली की तिच्यावर पुस्तकं ठेवायचे. "वाहतं ते रक्त, बसतं ती गुठळी," हे दिवसातून इतक्यांदा ऐकवायचे, की मला खुर्चीवर टेकायचीही चोरी वाटायची. जेवायला बसले की दाराशी हजर. "गाडे, झालं का? भात नंतर खा." मी एकदा चिडून म्हटलं, "सर, भातसुद्धा बसूनच खायचा असतो." तर म्हणाले, "खा की. मी पेशंटला सांगतो, बाई ताकभातापर्यंत आल्यात."

शिकवणंही तसंच, चालता चालता. सकाळी मला स्टेशनवर घेऊन जायचे. गाडी आली की म्हणायचे, "तोंडं बघू नकोस. पोटऱ्या बघ." माणसं जिना चढायची, आम्ही खाली उभे. कोण मध्येच थांबतो, कोण थांबून पोटरी चोळतो, कोण चोळायची लाज वाटून उगीच पाटी वाचत उभा राहतो. "रक्त कमी पडलं की पोटरी ओरडते. माणूस थांबला की गप्प होते. पुन्हा चालला की पुन्हा ओरडते. पण असा माणूस दुखतं म्हणून सांगणार नाही. काहीतरी बघायचं निमित्त काढेल. ते निमित्त ओळखायला शीक." दुपारी बाजारातल्या खाटकाकडून बोकडाच्या मानेच्या धमन्या आणायच्या आणि केसासारख्या रेशमी धाग्यानं त्या जोडायच्या. खाटीक म्हणायचा, "बाई, अख्खा बोकड न्या की. नुसत्या नळ्यांचं काय कालवण होतंय?" गाठी मारायचा सराव काड्यापेटीच्या आत. बोटं आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि सर पाठीमागून येऊन जोडलेल्या नळीत पाणी सोडायचे. एक थेंब गळला तरी सगळं कापून पुन्हा.

माझी खोड एकच होती, आणि ती वाईट होती. नळीचे काठ जोडताना पुढच्या भिंतीबरोबर मागची भिंतही सुईत यायची. म्हणजे वरून शिवण सुरेख, आणि आतून नळी बंद. "पिशवी शिवतेस का?" सर म्हणायचे. "टाका घालताना मागच्या भिंतीला विचारत जा." खऱ्या पेशंटवर मी जोडायला लागले तेव्हाही ते समोर असायचे, आणि नेमक्या क्षणी त्यांचं बोट मध्ये यायचं आणि मागची भिंत दूर धरायचं. त्या बोटाची मला सवय झाली. मनातून मला ठाऊक होतं, की ते बोट आहे तोवर मी सर्जन आहे.

पावसाळा सुरू झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सर बाजारातून जाताना चिक्कीच्या दुकानाशी थांबतात. ज्या माणसाला स्वतःच्या घराच्या दारात थांबायला वेळ नव्हता, तो शेंगदाण्याची, तिळाची, खोबऱ्याची, अशी सगळी ताटं नजरेनं चाळत उभा राहायचा. पावशेर घ्यायचा, पुढे निघायचा, आणि चौकाजवळच्या दुसऱ्या दुकानाशी पुन्हा थांबायचा. नर्सेसच्या खोलीत चिक्कीचा ढीग लागला. मला आधी गंमत वाटली. मग एके दिवशी त्यांच्या मागून चालताना मी, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, पोटऱ्या बघितल्या. डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक झाली होती.

चार दिवसांनी गुरुपौर्णिमा आली. तुंगार्लीला सरांच्या घरी मी नारळ आणि मोगऱ्याची फुलं घेऊन गेले. मालतीकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, त्यांना कसंबसं एका जागी उभं केलं होतं. मी वाकले. नमस्कार करताना माझी बोटं आपोआप पावलांच्या पाठीवर गेली, इतकी सवय अंगात मुरली होती. उजव्या पायावर नाडी उडत होती. डाव्यावर काहीच नव्हतं. पाय गार होता.

मी खालीच राहिले. बोट जरा सरकवलं, पुन्हा टेकवलं.

"गाडे," वरून आवाज आला, अगदी हळू. "नमस्कार कर. तपासू नकोस."

काकू स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा मी विचारलं, "कधीपासून?" तर म्हणाले, "तुला कळायला वेळच लागला." त्यांना सगळं ठाऊक होतं. मांडीतली धमनी बंद झाली आहे, कुठवर झाली आहे, सगळं स्वतःचं स्वतः तपासून ठेवलं होतं. सिगरेट इंग्लंडमध्ये लागली होती, ती सोडायला फार उशीर केला होता. मी म्हटलं, "उद्याच मुंबईला चला. तुमच्याबरोबर शिकलेले लोक आहेत तिथं."

"आणि मग? ते मला दोन-तीन महिने आडवा करतील. दिवाळीला तुझं वर्ष संपतंय. तू अर्धवट परत जाशील आणि पुणेवाले दार लावून घेतील. मग माझा पाय वाचून करायचंय काय? स्टेशनवर फिरायला?"

"सर, पाय जाईल तुमचा."

"इतक्यात जात नाही. नुसतं चालताना दुखतंय, ते चालेल. आपण एक करार करू. तू एक धमनी माझ्याशिवाय जोड. मी थिएटरात नसताना. ती जोडली की त्याच दिवशी मी बूट काढतो, तू म्हणशील ते करतो. आणि तोवर हिला एक अक्षर सांगायचं नाही."

मी भांडले. माझा स्वभाव काही गाईचा नाही. ट्रस्टींना कळवीन म्हटलं, काकूंना सांगीन म्हटलं. ते म्हणाले, "सांग. त्याच दिवशी तुझी ट्रंक बाहेर." ते तसं करतील याची मला खात्री होती, म्हणून करार मान्य केला.

आता गंमत बघा. धमनी जोडायची तर ती आधी कोणाची तरी तुटायला हवी. तशा केसेस रोज थोड्याच येतात? एरवी येत नाहीत याचं समाधान असतं. मी मात्र रोज सकाळी उठून कोणाचा तरी पाय तुटण्याची वाट बघायला लागले. घाटात ट्रक उलटला की धावत जायचे, आणि ड्रायव्हर नुसता खरचटलेला निघाला की मनात खट्टू व्हायचे. असल्या विचारांची किळस यायची. झोप उडाली, जेवण तुटलं. सरांची भिंगरी माझ्या पायाला लागली. व्हरांड्यात ते एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून, आणि मध्ये भेटलो की ते विचारणार, "आलं का कोणी?" आणि मी म्हणणार, "नाही." श्रावण गेला, गणपती गेले. दोन केसेस आल्या, पण दोन्ही पाय आधीच मेलेले होते. ते कापावे लागले. कापतानाही सरांनी शिकवणं सोडलं नाही. "ज्यानं जोडायचं, त्यालाच कापताही आलं पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर जोडताना डोकं ताळ्यावर राहत नाही."

दसरा झाला आणि डोंगरावर गवतकापणी जोरात आली. एका सकाळी राजमाचीच्या वाटेवरच्या एका वाडीतून चार ठाकर गडी बांबूला झोळी बांधून आले. झोळीत चिमा नावाची तरुण बाई होती. गवत कापताना घसरली आणि विळा गुडघ्याच्या मागे घुसला. नवऱ्यानं मांडीला दोर आवळून बांधला होता. पाय पांढराफटक पडला होता आणि तळव्याला भाजल्याचे फोड होते.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

"शेकला, बाई," नवरा म्हणाला. "पाय लय गार पडलता. जीव न्हाई ऱ्हायला असं वाटलं. म्हून इंगळावर धरला."

ही आमच्या मुलखातली जुनी चूक. पाय गार पडला की माणसं त्याला शेक देतात. रक्त नसलेल्या पायाला चटका कळत नाही आणि भाजलेलं भरूनही येत नाही. मला संताप आला, पण सर त्यावर कधीच ओरडायचे नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दोर बांधलास म्हणून ती इथवर आली. पण शेकायचं नाही, बाबा. गार पाय मेलेला नसतो, भुकेला असतो. भुकेल्याला ऊब देऊन काय होतंय? त्याला जेवण पाहिजे."

"पाय ऱ्हाईल का, डॉक्टर?"

"या बाईंना विचार. पाय त्यांच्याकडे आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडे, आत जा. मी येत नाही."

मी आत गेले. धमनी अर्ध्याहून जास्त तुटली होती, काठ चेचले होते. चांगल्या पायातली शीर काढून, तिच्या झडपांनी रक्त अडू नये म्हणून उलटी फिरवून मध्ये जोडायची होती, म्हणजे दोन जोड. दार बंद होतं, पण सरांचे बूट व्हरांड्यात वाजत होते. टाकटाक जायचे, थांबायचे. मला कळत होतं ते का थांबताहेत. पोटरी ओरडायची, ते थांबायचे, पुन्हा निघायचे. हातात चिमाचा पाय आणि कानात त्यांचा. मी नर्सला म्हटलं, "त्यांना बसायला सांगा." ती बाहेर जाऊन आली आणि म्हणाली, "नाही म्हणाले."

वरचा जोड झाला. खालच्या जोडाला मागच्या भिंतीपाशी आले आणि समोर ते बोट नव्हतं. सहायकाला म्हटलं, थांब. सुई घातली, काढली. पुन्हा घातली, आणि मला हाताला कळलं की मागची भिंत आली आहे. तो टाका कापला. घाम नाकावरून ओघळला, नर्सनं टिपला. बाहेर बूट थांबलेले होते. आता आत येतील असं वाटलं, आणि खरं सांगते, यावेत असंही वाटलं. आले नाहीत. मी स्वतःच्या डाव्या हाताचं बोट वाकडं करून मागची भिंत दूर धरली आणि उजव्यानं टाका घातला. तशी पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. रक्त अडवून धरलेले चिमटे सोडले तेव्हा शीर फुगली आणि उडायला लागली, आणि थोड्या वेळानं चिमाच्या त्या भाजलेल्या पावलावर, फोडांच्या वरच्या बाजूला, माझ्या बोटाला नाडी लागली. मी रडले. मास्क होता म्हणून बरं.

बाहेर आले. सर खांबाला टेकून उभे होते. मी म्हटलं, "लागली."

ते आत जाऊन स्वतः बोट टेकवून आले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण परत आल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "काढ बूट," म्हणाले.

मी बूट काढला. मोजा पायाला चिकटला होता, तो पाण्यानं भिजवून सोडवावा लागला. टाचेवर मोठा फोड फुटून काळा पडला होता. अंगठा काळा. वास येत होता. मी चिमाच्या नवऱ्यावर ओरडले नव्हते, ते सगळं इथं निघालं. "हे काय आहे? कधीचं आहे हे?"

"पंधरवडा झाला असेल. मालतीनं पिशवी ठेवली."

मालतीकाकूंना झोपेत त्यांचा पाय गार लागला. बिचारीनं मायेनं रबरी पिशवीत कढत पाणी भरून पायाशी ठेवली. सर झोपेत, आणि पायाला चटका कळण्याइतकं रक्त नव्हतं. अख्ख्या मावळाला शेकू नका म्हणून सांगत फिरलेल्या माणसानं स्वतःच्या बायकोला मात्र सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर पायाचं सांगावं लागलं असतं. काकूंना कळलं तेव्हा त्या भिंतीला धरून खाली बसल्या. सर म्हणाले, "तू नको रडू. तू शेकलंस, मी लपवलं. लपवणं मोठं." पण त्या रडायच्या राहिल्या नाहीत.

मुंबईला चला म्हणून मी पुन्हा हात जोडले. "तिथं मला ओळखतात," ते म्हणाले. "मोठ्या माणसासारखं वागवतील. तिघं जमून चर्चा करतील. तू आजच कर." दुसऱ्या दिवशी सकाळी मीच ऑपरेशन केलं. कमरेत भूल दिली होती, त्यामुळे ते जागे होते आणि पडद्याच्या पलीकडून बोलत होते. टाका घालताना मी गप्प झाले की म्हणायचे, "मागची भिंत?" आणि मी म्हणायचे, "सोडलीय, सर. तुम्ही गप्प राहा." नाडी आली. काही दिवस पाय ऊबदार राहिला. ते उशीवरून पाय उचलून सगळ्यांना दाखवायचे, लहान मूल नवे कपडे दाखवतं तसं. पण टाचेतलं विष वर चढत होतं. जोड चांगला होता, पाय आधीच हरला होता. ताप हटेना. शेवटी मी जोडलेली शीर बंद झाली.

तेव्हा मीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनीच विचारलं, "गुडघ्याखाली की वर?"

"खाली. गुडघा राखते."

"मग कोणाला बोलावू नकोस. तू जोडलंस, तूच काप." आणि मी कापला. त्यावर जास्त लिहीत नाही.

मला वाटलं होतं, आता हा माणूस खचेल. छे. पुण्याहून लाकडी पाय करून आणला आणि महिन्याभरात व्हरांड्यात पुन्हा ठकठक सुरू. थिएटरात उंच स्टूल आलं, त्यावर अर्धवट टेकून शिकवायला लागले. पुण्यानं पुढच्या वर्षी परांजपे नावाचा मुलगा पाठवला, त्याच्यानंतर आणखी एक. मी स्वतः तळेगावला हॉस्पिटल धरलं, पण दर रविवारी लोणावळ्याला यायचे. चिमा पुढच्या दसऱ्याला चालत आली, करवंटीतून मध घेऊन. सरांनी वाकायचा प्रयत्न केला, तोल गेला, आणि तिनंच त्यांना सावरलं. "तुमी बसा वो आबा," ती म्हणाली, आणि पाय उचलून स्टुलावर ठेवला. सरांनी नाडी बघितली आणि म्हणाले, "गाडे, हिची तर माझ्या उजव्यापेक्षा जोरात आहे."

त्या दिवशी ती गेल्यावर तुंगार्लीच्या घरी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. सर खुशीत होते. "एका पायात सौदा झाला," म्हणाले. "तू तयार झालीस, परांजपे तयार होतोय. स्वस्त पडलं."

मला ते सहन झालं नाही. वर्षभर दाबून ठेवलेलं बाहेर आलं. "स्वस्त कसलं? गुरुपौर्णिमेला पाय दाखवला असतात तर पाय राहिला असता. नुसता दुखणारा पाय होता तो. काकू आजही रबरी पिशवी दिसली की तोंड फिरवतात. तुमच्या घाईपायी हे झालं, माझ्यासाठी नाही."

ते रागावले नाहीत. शांतपणे विचारलं, "मी आषाढात आडवा झालो असतो, तर तू कोणाकडून शिकली असतीस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांना वाटलं, जिंकले. हसले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

पुढे काही वर्षांनी ते हृदयविकारानं गेले, सकाळी पेपर वाचता वाचता. उभ्यानंच वाचत होते. लोणावळ्याच्या बाजारानं दुकानं बंद ठेवली, डोंगरावरच्या वाड्यांतून माणसं उतरली, त्यांत काही कुबड्यांवरची आणि काही आपल्या पायांवरची. मी त्यांच्या उजव्या पायावर डोकं ठेवलं.

त्यानंतर मी स्वतः कितीतरी मुलंमुली शिकवली. कोणाचं लग्न मध्ये आलं, कोणाचे वडील गेले, एकीला बाळंतपणात दोन वर्षं घरी बसावं लागलं. मी कोणालाच हाकललं नाही. सगळी उशिरा शिकली, अडखळत शिकली, आणि आज सगळी माझ्याहून चांगलं जोडतात. तेव्हा ओट्यावर जे उत्तर मला सुचलं नाही, ते आता तोंडपाठ आहे, पण ऐकायला ते नाहीत. सर, मी शिकले असते हो. पुण्यात शिकले असते, मुंबईत कोणाच्या तरी हातापाया पडून शिकले असते, तुम्ही बरे होऊन उठेपर्यंत काड्यापेटीत गाठी मारत बसले असते. दोन वर्षं उशीर झाला असता. तुम्ही माझ्या हाती स्वतःचा पाय सोपवलात, आणि मी थांबेन यावर मात्र तुमचा विश्वास बसला नाही.